माफीच्या आधी नावं लिहून घेतली होती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मंडेला दिनानिमित्त तुमच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. लेखकाने मनापासून लिहिलाय ह्यात शंका नाही, तुरुंगवास, १९९४ ची निवडणूक, रग्बीची जर्सी सगळं आलंय, पण शेवटाकडे जे म्हटलंय की दक्षिण आफ्रिकेने वर्णभेदी राजवटीतलं झालंगेलं विसरून सगळ्यांना माफ करून टाकलं आणि आपणही तेच शिकायला पाहिजे, ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. १८ जुलै आला की व्हॉट्सॲपवर पण हेच फिरतं, मंडेलांचा हसरा फोटो आणि खाली क्षमेवर चार ओळी. विसरलं कोणीच नव्हतं हो. उलट त्या देशाने आधी हजारो लोकांना समोर बसवून विचारलं की तुमच्यावर काय झालं, कधी, कुठे, कोणी केलं, आणि ते लिहून घेतलं. माफीचा विषय त्या कागदांवरून पुढे आला, आणि ते लिहिण्याचं काम आजही संपलेलं नाही.

मी नगरपरिषदेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर नोकरी केली, आता रिटायर आहे. त्या टेबलावर बसलं की एक गोष्ट कळते, घरातलं माणूस गेल्यावर लोक नावातल्या एका अक्षरासाठी, एका तारखेसाठी पुन्हापुन्हा हेलपाटे का घालतात ते. वारस नोंद, पेन्शन, विमा ही कारणं आहेतच, पण काही लोकांना ह्यातलं काहीच नको असतं, आपल्या माणसाबद्दल सरकारी रजिस्टरला खोटं राहू नये एवढंच त्यांचं म्हणणं असतं. मृत्यूचं कारण आमच्याकडे डॉक्टरांच्या फॉर्मवरून यायचं आणि आम्ही ते जसंच्या तसं चढवायचो. त्यामुळे दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी राजवटीत पोलीस कोठडीत मेलेल्यांच्या नोंदी मी पहिल्यांदा वाचल्या तेव्हा नजर आपोआप त्या कारणांवर गेली.

काय कारणं आहेत बघा. १९६९ च्या एकाच वर्षात एक जण न्हाणीघरात शॉवरखाली घसरून मेला, दुसरा साबणाच्या वडीवरून घसरून मेला, केपटाऊनचे इमाम अब्दुल्ला हारून जिन्यावरून पडले. बाकी बऱ्याच जणांनी कोठडीत स्वतःला गळफास लावून घेतला, काहींनी वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून उडी मारली. हे सगळं पोलिसांनी सांगितलं आणि मॅजिस्ट्रेटने रीतसर चौकशी करून मान्य केलं, मृत्यूस कोणीही जबाबदार नाही असा शेरा मारला, फाईल बंद. म्हणजे कागद नव्हते असं नाही. कागद भरपूर होते, शिक्क्यासकट, सहीसकट, आणि खोटे.

१९६३ मध्ये तिथल्या सरकारने कायदा केला की पोलिसांनी कोणालाही ९० दिवस कोर्टापुढे न आणता आत ठेवावं, आणि १९६७ च्या दहशतवादविरोधी कायद्याने तर दिवसांची अटच उडवली. ९० दिवसांच्या कायद्याखाली कोठडीत पहिला मेला तो लूकस्मार्ट नगुडले, ५ सप्टेंबर १९६३ ला, कारण गळफास. आणि ऐका, तो मेल्यानंतर त्याचं नाव बंदी घातलेल्यांच्या यादीत असल्याचं जाहीर झालं. बंदी घातलेल्या माणसाचं बोलणं कुठे उद्धृत करता येत नसे, त्यामुळे त्याने कोठडीत इतरांना आपल्या छळाबद्दल काय सांगितलं हे चौकशीत मांडायलाच अडचण. मेलेल्या माणसाचं तोंड बंद करायला सरकारी आदेश! त्याला पुरलं तेही बेवारशासारखं, घरच्यांना कबर कुठे ते माहीत नाही, आणि ती प्रिटोरियाजवळ मामेलोडीच्या स्मशानात सापडायला २००७ उजाडलं.

अहमद तिमोल हे नाव आपल्याकडे फार कोणाला माहीत नाही, असायला पाहिजे. गुजरातेतून तिकडे गेलेल्या कुटुंबातला, जोहान्सबर्गच्या बाजूला शाळेत मास्तर, वय २९. ऑक्टोबर १९७१ मध्ये रात्री रस्त्यावरच्या नाकाबंदीत त्याला आणि त्याच्या मित्राला पकडलं, आणि पाच दिवसांनी २७ ऑक्टोबरला जॉन व्हॉर्स्टर स्क्वेअर ह्या पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून तो खाली पडला. पोलीस म्हणाले उडी मारली. १९७२ च्या चौकशीने आत्महत्या धरली. त्याच्या आईने, हवा तिमोल यांनी, १९९६ मध्ये सत्य आयोगापुढे (त्या राजवटीतल्या अत्याचारांची नोंद घेणारा आयोग, त्याच्याबद्दल पुढे लिहिलंय) येऊन साक्ष दिली, मुलगा कसा नेला, कसा परत आला ते सांगितलं, आणि पुढच्याच वर्षी त्या वारल्या. मग अहमदच्या भाच्याने हे काम हातात घेतलं. वर्षानुवर्षं कागद जमवले, जिवंत असलेले साक्षीदार शोधले, सरकारच्या मागे लागून चौकशी पुन्हा उघडायला लावली. डॉक्टरांनी जुने शवविच्छेदनाचे कागद पुन्हा वाचून सांगितलं की कवटीच्या आणि जबड्याच्या जखमा पडण्याआधीच्या दिसतात, घोटा असा मोडलेला की हा माणूस खिडकीपर्यंत चालत जाऊन उडी मारणं शक्यच नाही. १२ ऑक्टोबर २०१७ ला न्यायमूर्ती बिली मोथले यांनी निकाल दिला, आत्महत्या नाही, खून. शेहेचाळीस वर्षांनी एक शब्द बदलला. शेवटचा जो पोलीस त्या खोलीत होता असं स्वतः सांगत होता त्याच्यावर २०१८ मध्ये खुनाचा आरोप ठेवला, पण खटला उभा राहायच्या आधीच २०२१ मध्ये तो म्हातारपणी मेला.

असंच डॉ. हुसेन हाफेजी यांचं. भारतात येऊन दाताचा डॉक्टर होऊन परत गेलेला पीटरमॅरिट्झबर्गचा पोरगा, डरबनच्या सरकारी हॉस्पिटलात कामाला, वय २६. २ ऑगस्ट १९७७ ला उचलला, ३ ऑगस्टच्या पहाटे कोठडीत मेला. अंगावर साठच्या वर जखमा असताना कारण काय लागलं तर स्वतःच्या पँटने गळफास. २०२३ मध्ये कोर्टाने ते पुसलं, पोलिसांनी छळ करून मारलं असं लिहिलं. त्याच वर्षी इमाम हारून यांचंही जिन्यावरून पडणं खोटं ठरलं, चौपन्न वर्षांनी, आणि त्यांची बायको त्याच्या चार वर्षं आधी गेली होती. हे निकाल आले तेव्हा कोणाला फाशी झाली नाही, कोणाला पैसे मिळाले नाहीत, तरी ती कुटुंबं कोर्टात एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. मला ते समजायला कुठलं पुस्तक लागलं नाही, आमच्या टेबलाच्या पलीकडे उभ्या राहणाऱ्या लोकांचे चेहरे पुरेसे होते.

आता ही नावं लिहून ठेवली कोणी हा पण प्रश्न आहे, कारण सरकार तर लिहिणार नव्हतं. १९८१ मध्ये धरपकड झाली तेव्हा जोहान्सबर्गमध्ये पकडलेल्यांच्या आईबापांनी एकत्र येऊन एक समिती काढली, डिटेनीज पेरेंट्स सपोर्ट कमिटी. मॅक्स आणि ऑड्री कोलमन हे गोरं जोडपं त्यात पुढे होतं, त्यांचा स्वतःचा मुलगा आत होता. सुरुवात अगदी साधी, आपलं पोर कुठल्या ठाण्यात आहे, कपडे आणि डबा आत जातो का, वकील मिळतो का. पण रोज नवीन घरची माणसं यायला लागली आणि ह्यांनी एकेकाचं नाव, वय, पत्ता, कुठून नेला, कधी नेला हे लिहायला घेतलं. १९८६ च्या आणीबाणीत सरकारने कबूल केल्याशिवाय अटकेतल्या माणसाचं नाव छापायलाच बंदी आली, म्हणजे तुमच्यासारख्या पेपरवाल्यांचे हात बांधलेले, आणि अशा वेळी ह्या लोकांच्या वह्यांत नावं चढत होती. फेब्रुवारी १९८८ मध्ये ह्या समितीवर पण बंदी आली, तर त्याच वर्षी मानवी हक्क आयोग नावाची दुसरी संस्था उभी करून काम तसंच चालू ठेवलं (हा सरकारी आयोग नव्हे, नाव सारखं आहे म्हणून सांगते). विनाचौकशी आत टाकलेल्यांचा साधारण ८०,००० हा जो आकडा आज सगळे वापरतात, त्यातल्या दहा हजार बायका आणि पंधरा हजारांच्या वर अठराच्या आतली पोरं, तो ह्या असल्या नोंदींतून उभा राहिला. लेखात ह्या माणसांबद्दल एक ओळ तरी यायला हवी होती असं मला फार वाटलं.

सत्य आणि सलोखा आयोगाचा कायदा १९९५ चा. आर्चबिशप डेस्मंड टुटू अध्यक्ष, पहिली जाहीर सुनावणी १५ एप्रिल १९९६ ला ईस्ट लंडनला, हे तिकडचंच शहर. मुदत धरली १ मार्च १९६० ते १० मे १९९४, म्हणजे शार्पव्हिलला पोलिसांनी निदर्शकांवर केलेल्या गोळीबाराच्या महिन्यापासून ते मंडेलांच्या शपथविधीपर्यंत. टीव्हीवर दिसल्या त्या जाहीर सुनावण्या, रडणारी माणसं, मान खाली घातलेले टुटू, पण तेवढंच काम नव्हतं. आयोगाची माणसं गावोगाव वस्त्यावस्त्यांत जाऊन, लोकांच्या भाषेत बोलून जबाब लिहून घेत होती, एकवीस हजारांच्या वर जबाब झाले, आणि त्यातल्या साधारण दहात एकालाच जाहीर सुनावणीत बोलायला मिळालं. बाकीच्यांचं सगळं त्या फॉर्मवर. मग तो जबाब कॉम्प्युटरवर चढवायचा, हत्या की छळ की अपहरण की अमानुष वागणूक असं वर्गात बसवायचा, पोलीस रेकॉर्डशी, हॉस्पिटलच्या कागदांशी, वर्तमानपत्राशी ताडून बघायचा, आणि मग ठरवायचं की ही व्यक्ती पीडित म्हणून नोंदवायची की नाही. एका हत्येबद्दल तीन नातेवाईक वेगवेगळे येऊन सांगणार, नावांची स्पेलिंगं वेगळी, तारखा पुढेमागे. हे काम किती किचकट असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

पहिल्याच दिवसांतली नोमोंडे कलाटा यांची साक्ष नेटवर पूर्ण वाचायला मिळते, तुमच्या संपादक मंडळाने ती जरूर वाचावी कारण त्यात पेपरचा विषय आहे. क्रॅडॉक गावच्या चार कार्यकर्त्यांना, मॅथ्यू गोनिवे, फोर्ट कलाटा, स्पॅरो म्खोंतो आणि सिसेलो म्हलाउली, २७ जून १९८५ च्या रात्री पोर्ट एलिझाबेथहून मीटिंग करून परतताना सुरक्षा पोलिसांनी अडवून मारलं आणि प्रेतं जाळली. नोमोंडे ही फोर्टची बायको, पोटुशी होती. नवरा रात्री आला नाही, सकाळी आला नाही. हेराल्ड पेपर ती वाटायची म्हणून तो घरी यायचा, तो आला, तिने मथळे बघितले, आणि घरातल्या पोरानेच दाखवलं की पेपरात फोटो आलेली जळालेली गाडी त्यांचीच आहे. ही हकिगत सांगता सांगता ती मागे रेलून जी ओरडली त्या आवाजाबद्दल तिकडे लोक अजून बोलतात, सुनावणी थांबवावी लागली होती.

ह्या प्रकरणाच्या कागदांचंच बघा ना. पहिल्या चौकशीत ठरलं की अज्ञात इसमांनी मारलं. मग १९९२ मध्ये न्यू नेशन नावाच्या पेपरने लष्कराचा एक संदेश छापला, जून १९८५ चा, त्यात गोनिवे आणि इतरांना समाजातून कायमचं दूर करावं अशी शिफारस होती. एका पेपरने एक कागद छापला म्हणून दुसरी चौकशी झाली, त्यात सुरक्षा दलांवर ठपका आला पण नावानिशी कोणावर नाही. सत्य आयोगाकडे त्या पोलिसांनी माफी मागितली, आयोगाने १९९९ मध्ये ती नाकारली. माफी नाकारली म्हणजे खटला चालायला पाहिजे, तो चाललाच नाही. २०२५ च्या जून महिन्यात तिसरी चौकशी सुरू झाली, तोवर संशयित एकेक करून मरून गेले. तुमच्या लेखात माफी मिळाली माफी मिळाली असं आहे म्हणून सांगते, आयोगाकडे सात हजारांच्या वर अर्ज आले होते आणि त्यातले बहुतेक फेटाळले गेले. माफी हवी तर आधी केलेलं सगळं पूर्ण कबूल करायचं आणि ते राजकीय हेतूने होतं हे दाखवायचं, अशी अट होती. सरसकट माफी कुठेच नव्हती.

आणि कबुली दिली तरी ती खरी असेल असंही नाही. सिफिवो म्तिमकुलू हा पोर्ट एलिझाबेथचा विद्यार्थी कार्यकर्ता, १९८१ मध्ये कोठडीतून सुटून आला तो पाय लुळे पडलेला, डोक्याचे केस झडायला लागलेले, तपासणीत थॅलियम हे विष निघालं. त्याने पोलीसमंत्र्यावर दावा लावला आणि एप्रिल १९८२ मध्ये तो आणि त्याचा मित्र टॉप्सी मदाका दोघेही नाहीसे झाले. त्याच्या आईने ते झडलेले केस जपून ठेवले होते. जॉइस म्तिमकुलू आयोगापुढे ते घेऊन आल्या, मुठीत, काही केसांना डोक्याची कातडी चिकटलेली होती, आणि सगळ्यांसमोर हात वर करून दाखवले. चौदा वर्षं त्या बाईने हा पुरावा घरात सांभाळला कारण दुसरा कुठला कागद कोणी देणारच नव्हतं. पुढे पोलिसांनी माफीच्या सुनावणीत सांगितलं की क्रॅडॉकजवळच्या पोस्ट चाल्मर्स नावाच्या जुन्या पोलीस ठाण्यावर गोळ्या घालून प्रेतं जाळली आणि राख फिश नदीत टाकली. लोकांनी ते मान्य केलं, करणार काय. पण २००७ मध्ये सरकारच्या बेपत्ता व्यक्ती शोधपथकाने तिथे खोदलं तेव्हा सेप्टिक टँकमध्ये जळालेल्या हाडांचे तुकडे निघाले, ह्या दोघांचे आणि त्याच ठिकाणी १९८५ मध्ये मारलेल्या आणखी तिघांचे. नदी बिदी काही नव्हती. ह्या पथकाला अर्जेंटिनाच्या हाडं तपासणाऱ्या तज्ज्ञांनी शिकवलंय, ते स्मशानांची जुनी रजिस्टरं, शवागाराच्या वह्या, बेवारस प्रेतांच्या नोंदी ह्यांच्या आधाराने कबरी हुडकतात. मामेलोडीची कबर अशीच सापडली. प्रिटोरियाच्या तुरुंगात फाशी दिलेल्या राजकीय कैद्यांची प्रेतं सरकार घरच्यांना देत नसे, सरकारी मालमत्ता समजून परस्पर पुरत असे, त्यांच्याही कबरी ह्यांनी उघडायला घेतल्यात. कुठल्यातरी स्मशानातल्या कारकुनाने प्लॉट नंबर व्यवस्थित लिहिला होता म्हणून आज एखाद्या घराला हाडं मिळतात, हे वाचून मला माझ्या नोकरीबद्दल जेवढा अभिमान वाटला तेवढा निरोप समारंभात पण वाटला नव्हता.

बरं, सगळे कागद राहिले असते तर. १९९३ मध्ये, वाटाघाटी चालू असताना, सत्ता जाणार हे दिसायला लागल्यावर एकट्या राष्ट्रीय गुप्तचर खात्याच्या मुख्यालयाने सहा-आठ महिन्यांत अंदाजे ४४ टन कागद आणि मायक्रोफिल्म नष्ट केल्या, प्रिटोरियाच्या पोलाद कारखान्याच्या भट्टीत नेऊन जाळल्या. ४४ टन! हे आयोगाच्याच अहवालात आहे. त्यात किती जणांची नावं होती, कोण खबऱ्या होता, कोणी हुकूम दिला, सगळं गेलं. लेखात हे नाही आणि ह्याच्याशिवाय गोष्ट अर्धवट राहते, कारण एवढं जाळून झाल्यावर उरलं ते लोकांच्या आठवणीत आणि जॉइसबाईंसारख्यांच्या कपाटात, आणि म्हणूनच ते जबाब इतके मोलाचे.

तुम्ही शार्पव्हिलचे मृत ६९ असे छापलेत. सगळीकडे तेच असतं, शाळेच्या पुस्तकात पण, त्यामुळे तुमचा दोष नाही. पण तो २१ मार्च १९६० नंतर पोलिसांनी दिलेला आकडा. अलीकडे नॅन्सी क्लार्क आणि विल्यम वॉर्गर ह्या दोन इतिहासकारांनी जुन्या सरकारी फायली आणि तिथल्या लोकांच्या आठवणी एकत्र तपासून दाखवलं की कमीत कमी ९१ माणसं मेली आणि कमीत कमी २३८ जखमी झाली. ज्या दिवसावरून संयुक्त राष्ट्रसंघाने वंशभेदविरोधी दिवस ठरवला त्या दिवसाच्या मृतांचा आकडा साठ वर्षं अपुरा होता. बावीस माणसं! त्यांना आईबाप होते, पोरं होती, आणि दरवर्षी २१ मार्चला भाषणात ६९ ऐकताना त्या घरांना काय वाटत असेल.

आयोगाच्या यादीत पण भोकं आहेत, आणि ती यादी केलेल्यांबद्दल मला आदर आहे म्हणूनच बोलते. डिसेंबर १९९७ ला जबाब घ्यायचे थांबले. ज्यांना वेळेत कळलं नाही, जे घाबरले, नाताळ प्रांतात ज्यांना इंकाथा ह्या तिथल्या झुलू पक्षाने आयोगाकडे जाऊ नका म्हणून सांगितलं होतं ते राहून गेले. नंतर २००३ मध्ये सरकारने भरपाई म्हणून ३०,००० रँड एकदाच दिले (आयोगाने सहा वर्षं दर वर्षाला पैसे द्या म्हटलं होतं), आणि तेही फक्त यादीत नाव असलेल्यांना. यादी बंद. खुलुमानी नावाची पीडितांची संघटना आहे, १९९५ पासूनची, त्यांच्या म्हाताऱ्या बायका अजून ही यादी उघडा म्हणून सरकारी दारात बसतात. ह्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे, मृत्यूची नोंद उशिरा करायची सोय आमच्या साध्या नगरपरिषदेत आहे, विलंब शुल्क भरा, ॲफिडेव्हिट द्या, वर्ष उलटलं असेल तर मॅजिस्ट्रेटचा आदेश आणा, नोंद होते. तारीख गेली म्हणून छळ झालाच नाही असं कुठलंही सरकार म्हणू शकत नाही.

एक गोष्ट मात्र आयोगाने फार सरळपणे केली. मंडेलांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेस पक्षाने आपल्या परदेशातल्या छावण्यांत स्वतःच्याच माणसांचा छळ केला, १९८३ मध्ये प्रिटोरियात चर्च स्ट्रीटवर गाडीत बॉम्ब लावून १९ माणसं मारली, तेही सगळं आयोगाने लिहिलं. पक्ष सत्तेवर, राष्ट्राध्यक्ष त्यांचा, तरी लिहिलं. ऑक्टोबर १९९८ मध्ये अहवाल बाहेर यायच्या आदल्या दिवसांत तो थांबवायला तो पक्ष कोर्टात गेला आणि हरला. आधीचे गोरे राष्ट्राध्यक्ष डी क्लार्क यांनी मात्र आपल्याबद्दलचा मजकूर कोर्टातून रोखला, छापलेल्या पानावर काळा चौकोन आला. सगळ्या बाजूंचे मेलेले एकाच यादीत, आडनावाच्या अक्षराप्रमाणे. शेवटचा सातवा खंड तसाच आहे, नाव, गाव, काय झालं, दोनतीन ओळी, की पुढचं नाव. तो वाचून संपत नाही.

आता आपल्या इकडचा विषय, ज्याच्यासाठी खरं तर मला तुमच्याकडूनच काही हवंय. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले आणि तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातले कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला बोटीने केपटाऊनला गेले, दुकानं टाकली, बरेच जण डिस्ट्रिक्ट सिक्स ह्या वस्तीत राहिले. दोन तीन पिढ्या गावाशी पत्र, मनीऑर्डर, लग्नं चालू होती. ११ फेब्रुवारी १९६६ ला सरकारने ती वस्ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केली आणि पुढच्या पंधरा सोळा वर्षांत ६०,००० माणसं उठवून बुलडोझर फिरवला, भारतीयांना रायलँड्स, क्रेव्हनबी अशा वेगळ्या आखून दिलेल्या भागांत घातलं. देशभरात असे ३५ लाख लोक उठवले गेले. ह्यातलं कोणीच आयोगाच्या कायद्यात पीडित म्हणून बसत नव्हतं, कारण कायद्याने हत्या, छळ, अपहरण, अमानुष वागणूक एवढंच धरलं होतं. घर पाडणं, काळ्यांना सक्तीचा असलेला पास जवळ नाही म्हणून तुरुंगात टाकणं हे तेव्हा कायदेशीर होतं म्हणून ते राहिलं. महमूद ममदानी ह्या अभ्यासकाने ह्यावर कडक टीका केलीये आणि मला ती पटते. राजकीय हिंसा म्हणजे फक्त गोळी आणि कोठडी असं धरलं तर ज्या म्हाताऱ्याला ट्रकमध्ये सामानासकट घालून वाळूच्या मैदानात नेऊन सोडलं आणि जो वर्षाच्या आत मेला त्याचं काय करायचं? डिस्ट्रिक्ट सिक्सच्या लोकांनी ते आपलं आपण केलं, तिथल्या म्युझियममध्ये वस्तीचा नकाशा जमिनीवर अंथरलाय आणि लोक आपल्या घराच्या जागी नाव लिहितात, शिवाय एक लांबलचक कापड आहे, त्यावर नावं लिहितात आणि मग ती धाग्याने भरतात.

आमच्या खाडीपट्ट्यात अजून अशी घरं आहेत जिथे ट्रंकेत केपटाऊनचे स्टॅम्प लावलेली पाकिटं, दुकानाच्या पाटीसमोर काढलेले फोटो, घर सोडायची नोटीस आली म्हणून कळवणारी पत्रं पडून आहेत. कौलं शाकारताना, वाटण्या होताना ती बाहेर निघतात आणि बंबात जातात. तुमचा पेपर कोकणात घरोघर जातो. एक चौकट छापा की असं काही असेल तर टाकू नका, फोटो काढून ठेवा, शक्य असेल तर मूळ कागद जपा, पत्र लिहिणाऱ्याचं नाव आणि वर्ष मागे पेन्सिलने लिहून ठेवा, पेनने नको. आमच्या गावच्या वाचनालयात स्कॅनर आहे, सेक्रेटरींशी माझं बोलणं झालंय, मंगळवार आणि शनिवारी दुपारी आम्ही काही रिटायर बायका बसून स्कॅनिंग आणि नोंद करायला तयार आहोत, कागद तिथेच लगेच परत देऊ. आणि २०२५ मध्ये न्यायमूर्ती सिसी खंपेपे यांच्या अध्यक्षतेखाली जो आयोग नेमलाय, सत्य आयोगाने पुढे पाठवलेले खटले एवढी वर्षं कोणी दाबले हे शोधायला, त्याच्या बातम्या आपल्याकडे कुठेच येत नाहीत, त्या आतल्या पानावर का होईना पण देत चला. क्रॅडॉकची चौकशी पण.

पत्र मोठं झालंय. जागा नसेल तर माझ्या नोकरीबद्दलचं कापा, नावं आणि तारखा तेवढ्या राहू द्या.

आपली,
एक जुनी वाचक, ता. खेड, जि. रत्नागिरी